काळीज पुन्हा उगवतं का?



आजचा विषय हृदयाचा आहे. गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गावांतल्या बैठकांमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून पुढं येतोय. "ताई, हार्ट अटॅकनं खराब झालेलं हृदय स्टेम सेलच्या इंजेक्शननं पुन्हा नवं होतं म्हणे. मोबाईलवर दाखवतात. खरं आहे का?"

असं विचारणाऱ्या बाईच्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी आजारी असतं. कुणाचा नवरा, कुणाचे सासरे, कधी ती स्वतःच. अटॅक येऊन गेलेला असतो, जीव वाचलेला असतो, पण दहा पावलं चाललं की दम लागतो, रात्री आडवं झालं की श्वास पुरत नाही, पाय सुजतात. घरातलं कमावतं माणूस बाजेवर बसून राहतं. अशा घराला कुणी आशा दाखवली तर ते धरून बसणारच. म्हणून आज या गोष्टीचं खरं-खोटं नीट समजून घेऊ.

उत्तर आधीच सांगून टाकते. खराब झालेलं हृदय पुन्हा उगवावं म्हणून जगभर संशोधन चाललंय, आपल्या पुण्यातही चाललंय, आणि ते खरं आहे. पण पैसे भरून आज घेता येईल असा तो उपचार झालेला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायच्या. आता कसं ते सांगते.

काळीज एक, अर्थ दोन

आपल्या भाषेत एक गंमत आहे. "काळजात धस्स झालं" म्हणतो तेव्हा आपल्या मनात हृदय असतं. पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की जे मिळतं ते यकृत, म्हणजे लिव्हर. शब्द एकच, अवयव दोन. आणि दोघांचा स्वभाव अगदी उलटा. यकृताचा मोठा तुकडा कापून काढला तरी उरलेलं यकृत काही आठवड्यांत वाढून जागा भरून काढतं. म्हणून तर आई आपल्या लेकराला यकृताचा तुकडा देऊ शकते. हृदयाचं तसं नाही. हृदयाचा जेवढा भाग मेला तेवढा मेला.

हृदय आपल्या मुठीएवढं असतं. दिवसाला साधारण एक लाख वेळा ते आवळतं आणि सैल होतं. हे काम करतात त्या हृदयाच्या स्नायूच्या पेशी. पेशी म्हणजे शरीराची सगळ्यात लहान वीट, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. हृदयात अशा स्नायूपेशी दोनशे ते तीनशे कोटी असतात. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, आणि ते त्याला बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. त्यातल्या एखाद्या वाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचं रक्त थांबतं. टेलकडच्या वावराला पाणी पोचलं नाही की पीक करपतं, तसंच. त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत पेशी मरू शकतात.

मेलेल्या जागी भोक तर राहू शकत नाही. म्हणून शरीर तिथं तंतुपेशी कामाला लावतं. त्या घट्ट धाग्यांचं जाळं विणतात आणि तिथं वण तयार होतो, भाजलेल्या जागी कातडीवर राहतो तसा. हा वण हृदयाला फुटू देत नाही, एवढं त्याचं काम मोठं आहे. पण वण आवळत नाही. लोहाराच्या भात्याला एका बाजूनं कडक चामड्याचं ठिगळ लावलं तर भाता फाटणार नाही, पण वारा कमी मारेल. हृदयाचं तेच होतं. उरलेल्या पेशींवर ताण पडतो, हृदय हळूहळू फुगतं, आणि मग दम लागणं, सूज येणं सुरू होतं. याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. नाव ऐकून हृदय बंद पडलं असं वाटतं, पण त्याचा अर्थ हृदय कमी पडतंय एवढाच.

मग हृदयात नव्या पेशी अजिबातच तयार होत नाहीत का? होतात, पण फारच थोड्या. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे २००९ साली मोजून दाखवलं. मोजायची युक्ती ऐकण्यासारखी आहे. १९५० ते १९६३ च्या सुमारास मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळं हवेत एका खास प्रकारचा कार्बन वाढला. तो पिकांत गेला, पिकांतून माणसाच्या पोटात गेला, आणि त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पेशीवर जणू जन्मतारखेचा शिक्का बसला. तो शिक्का वाचून कळलं की पंचविशीच्या माणसाच्या हृदयात वर्षाला शंभरातली एक स्नायूपेशी नवी होते, आणि पंचाहत्तरीला शंभरात अर्धीसुद्धा नाही. उभ्या आयुष्यात निम्म्या पेशीही बदलत नाहीत. अटॅकमध्ये एका दिवसात गेलेल्या पेशी या वेगानं भरून येणार नाहीत, हे उघड आहे.

एका लहान माशाचं हृदय

पण निसर्गात असे जीव आहेत ज्यांचं हृदय भरून येतं. त्यातला एक आपल्या देशातलाच आहे. झेब्राफिश नावाचा हा मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला. भारतातल्या ओढ्या-नाल्यांत, भातखाचरांत तो सापडतो. शहरात काचेच्या पेटीत शोभेसाठीही पाळतात. २००२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या माशाच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला. दोन महिन्यांत तो भाग पुन्हा उगवला. नुसता वण नव्हे, ठोका देणारा खरा स्नायू. पुढं उंदरांवर दिसलं की एक दिवसाच्या पिल्लाचं हृदयही असं भरून येतं, पण पिल्लू आठवड्याचं झालं की ही ताकद जाते.

या माशावर आपल्या पुण्यातही काम चालतं, आघारकर संशोधन संस्थेत. हे नाव तुमच्या ओळखीचं नसेल, पण संस्थेचं काम तुमच्या वावरात येऊन गेलेलं असण्याची शक्यता आहे. सोयाबीनच्या पिशवीवर "एमएसीएस" अशी अक्षरं आणि पुढं आकडा असलेलं वाण पाहिलंय ना? ती अक्षरं या संस्थेच्या मूळ नावाची आहेत, महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी. १९४६ साली सुरू झालेली ही संस्था. तिथं एकीकडं सोयाबीन आणि गव्हाचे वाण तयार होतात आणि दुसरीकडं माशाचं हृदय कसं भरून येतं ते तपासलं जातं. तिथल्या चिन्मय पात्रा यांच्या गटानं २०२१ साली दाखवून दिलं की माशाच्या हृदयाला जखम झाल्यावर तिथं एक विशिष्ट प्रथिन तयार होतं आणि ते हृदय भरून यायला मदत करतं.

माशाच्या हृदयात नेमकं होतं काय? जखमेच्या शेजारच्या स्नायूपेशी काही काळ आपलं पक्कं रूप सोडतात, थोड्या लहानपणात जातात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि जागा भरली की पुन्हा पक्क्या होऊन ठोक्याच्या कामाला लागतात. आपल्या पेशी हे विसरल्यात. त्यांना ते पुन्हा शिकवता येईल का, असा शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न आहे.

पेशीचं काम बदलायचं कसं?

आता पेशीचं काम बदलणं म्हणजे काय, ते पंगतीच्या उदाहरणानं सांगते.

गावात लग्न आहे. वीस बायका कामाला आल्यात. प्रत्येकीला सगळा स्वयंपाक येतो. पण कामं वाटून दिली की जिला भाकरी थापायला बसवलं ती भाकरीच थापते, जी वरण बघते ती वरणच बघते. येत सगळं असतं, करायचं एकच असतं.

पेशींचंही असंच आहे. आपण सगळे आईच्या पोटात एका पेशीपासून वाढलो. त्या एका पेशीत अख्खं शरीर बनवायच्या सूचना होत्या. डोळ्याची, हाडाची, हृदयाची, कातडीची प्रत्येक पेशी तिचीच लेक, म्हणून बहुतेक प्रत्येकीत त्या सगळ्या सूचना जशाच्या तशा असतात. पण कातडीची पेशी कातडीपुरतंच वाचते, हृदयाची हृदयापुरतं. कुठल्या पेशीनं कुठलं काम करायचं हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. पंगतीत जशी एखादी जाणती आत्याबाई मधोमध उभी राहून कामं लावून देते, तशी.

पूर्वी समजूत होती की एकदा पेशीला काम लागलं की ते कायमचं. इंग्लंडमधल्या जॉन गर्डन यांनी १९६२ साली या समजुतीला धक्का दिला. त्यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीतला सूचनांचा गाभा काढला आणि तो बेडकाच्या अंड्यात ठेवला. त्यातून नवे जीव वाढले. म्हणजे आतड्याच्या पेशीतही अख्खा बेडूक बनवायच्या सूचना शाबूत होत्या.

पुढं २००६ साली जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या शिन्या यामानाका यांनी त्याहून सोपी वाट शोधली. उंदराच्या कातडीतल्या पेशींमध्ये त्यांनी फक्त चार आत्याबाया धाडल्या, म्हणजे काम ठरवणारी चार प्रथिनं तयार होतील अशी सोय केली. त्या पेशी सगळं विसरून अगदी सुरुवातीच्या, कोऱ्या अवस्थेत गेल्या. २००७ साली हेच माणसाच्या पेशींवर जमलं. अशा पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. कोऱ्या पेशीपासून मग हवी ती पेशी घडवता येते. हृदयाची घडवली तर प्रयोगशाळेतल्या बशीत ती आपोआप ठोका द्यायला लागते. कालपर्यंत कातडी असलेली पेशी आज धडधडते! गर्डन आणि यामानाका यांना २०१२ सालचं नोबेल मिळालं.

त्यानंतर अजून एक विचार पुढं आला. पेशी आधी कोरी करायची, मग हृदयाची करायची, मग हृदयात बसवायची, एवढा फेरा कशाला? वणात तंतुपेशी बसलेल्याच आहेत. त्यांनाच तिथल्या तिथं हृदयाचं काम लावता आलं तर? भाकरी थापणारीला घरी पाठवून पुन्हा बोलवायचं नाही, बसल्या जागीच तिच्या हातात वाढायचं पातेलं द्यायचं. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोत मासाकी इएदा आणि भारतीय वंशाचे डॉक्टर दीपक श्रीवास्तव यांच्या गटानं उंदराच्या तंतुपेशींवर हे करून दाखवलं. तीन प्रथिनं पुरली. २०१२ साली जिवंत उंदराच्या हृदयातच हा बदल घडवण्यात आला, आणि त्या उंदरांचं हृदय थोडं सुधारलं. माणसाच्या पेशी मात्र जास्त हट्टी निघाल्या, त्यांना तीन प्रथिनं पुरत नाहीत.

आपल्या देशातही या वाटेवर काम आहे. गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी धारवाडच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांबरोबर साध्या पेशींना हृदयपेशी बनवण्यासाठी लागणारी सहा प्रथिनं प्रयोगशाळेत तयार केली. २०२२ साली ही बातमी आली. हे काम अजून प्रयोगशाळेतलं आहे.

माणसापर्यंत किती पोचलं?

माणसावरचे प्रयोग सुरू झालेत. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात जानेवारी २०२० मध्ये पहिल्यांदा आयपीएस पेशींपासून बनवलेला हृदयस्नायूचा पातळ पापुद्रा रुग्णाच्या हृदयावर बसवला. जर्मनीतल्या डॉक्टरांनी असाच जाड तुकडा तयार केला आणि तो एका ४६ वर्षांच्या बाईच्या दुबळ्या हृदयावर लावला. त्या बाईला दुसऱ्याचं हृदय मिळेपर्यंत काळ काढायचा होता. तीन महिन्यांनी तिला दान केलेलं हृदय मिळालं. काढलेलं जुनं हृदय तपासलं तेव्हा लावलेल्या तुकड्यातल्या पेशी जिवंत दिसल्या, त्यात बारीक रक्तवाहिन्याही शिरल्या होत्या. २०२५ च्या सुरुवातीला हा अहवाल छापून आला. लावलेला तुकडा जगला, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या बाईला शेवटी दुसरं हृदय बसवावंच लागलं, हेही तितकंच खरं.

मग गाडी अडते कुठं? चार ठिकाणी.

पहिली अडचण ठोक्याची. लेझीमच्या खेळात शंभर पोरं एका तालात खेळतात आणि मधेच दहा पोरांनी वेगळा ताल धरला तर सगळा खेळ विस्कटतो. नव्या पेशींनी आपला वेगळा ठोका धरला तर हृदयाची लय बिघडते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

दुसरी अडचण गाठीची. कोरी पेशी नुसती वाढत राहू शकते. लाखो पेशींत अशा थोड्या जरी शिल्लक राहिल्या तर गाठ होण्याचा धोका असतो.

तिसरी, दुसऱ्याच्या पेशींपासून बनवलेला तुकडा असेल तर शरीर त्याला परका समजून हाकलायला बघतं. ते थांबवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. स्वतःच्या पेशींपासून बनवावा तर वेळ आणि खर्च दोन्ही फार.

चौथी अडचण आकड्याची. गेलेल्या पेशी शंभर कोटींच्या घरात, आणि बसवलेल्यांपैकी पुष्कळशा टिकत नाहीत.

या क्षेत्रात एक फसवणूकही होऊन गेली आहे, ती तुम्हाला माहीत असावी. पिएरो अँव्हर्सा नावाच्या अमेरिकेतल्या एका नामवंत संशोधकाचं म्हणणं होतं की मोठ्या माणसाच्या हृदयात स्वतःच्या मूळपेशी असतात आणि त्यांच्यापासून हृदय पुन्हा बनतं. त्यावर पुढं कितीतरी प्रयोग झाले, रुग्णांनाही त्यात घेतलं गेलं. २०१८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेनं चौकशीनंतर सांगितलं की या प्रयोगशाळेच्या ३१ शोधनिबंधांत खोटी किंवा फिरवलेली माहिती आहे, ते मागं घ्यावेत. एवढ्या मोठ्या ठिकाणची मोठमोठी माणसं फसली. मग मोबाईलवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून आपण पैसे काढायचे का, याचा विचार करा.

मग ते इंजेक्शन कसलं?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. आपल्या देशात याबद्दल नियम ठरलेले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली स्टेम सेलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सांगितलंय की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले, तर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून कुणी देऊ नये. ल्युकेमियासारख्या आजारात अस्थिमज्जा बदलतात, तो उपचार मान्य आहे. हृदयासाठी मात्र परवानगी घेऊन, नोंदणी करून प्रयोग म्हणूनच देता येतं. आणि प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. हा मुद्दा पक्का ध्यानात ठेवा. जिथं हृदयासाठी स्टेम सेल म्हणून लाख-दोन लाख मागितले, तिथंच शंका घ्यायची.

आपल्या भागातल्या एका गटात अशी वेळ आली होती. गाव सांगत नाही. एका ताईनं नवऱ्याच्या अशा इंजेक्शनसाठी दीड लाखाचं कर्ज मागितलं. गटाची तेवढी बचतच नव्हती. बाकीचं ती गळ्यातलं मोडून उभं करणार होती. बैठकीत सगळ्या गप्प. नाही म्हणावं तर माणसाच्या जिवाचा प्रश्न, हो म्हणावं तर बारा घरांचे पैसे. शेवटी ठरलं की आधी चार प्रश्न विचारायचे. समोरच्या माणसाला फोनवर नोंदणीचा नंबर विचारला, त्यानं विषय बदलला. परवानगीचा कागद मागितला, तर "आजच बुकिंग करा, उद्या भाव वाढेल" म्हणाला. गटानं त्यासाठी कर्ज दिलं नाही. पण त्या ताईला वाऱ्यावरही सोडलं नाही. जाण्यायेण्याला आणि तपासण्यांना पुरेल एवढी रक्कम दिली आणि दोघी जणी सोबत गेल्या. तिथं कळलं की जरा बरं वाटल्यावर नवऱ्यानं निम्म्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या. हृदय काही नवं झालं नाही. पण पायावरची सूज उतरली, आणि तो माणूस आता दुकानापर्यंत पायी जातो.

तेच प्रश्न मी इथं सांगते. बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.

एक, हा मान्य उपचार आहे की प्रयोग? कागदावर लिहून द्या.

दोन, प्रयोग असेल तर त्याचा सीटीआरआय नंबर काय? सीटीआरआय म्हणजे भारतातल्या वैद्यकीय प्रयोगांची सरकारी नोंदवही. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. गावातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीला सांगा, ती शोधून देईल.

तीन, पैसे कशाचे घेताय? प्रयोगात रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत.

चार, काही बरं-वाईट झालं तर जबाबदारी कुणाची? नोंदणी झालेल्या प्रयोगात इजा झाली तर उपचार आणि भरपाईचा नियम आहे.

पाच, आमचे नेहमीचे हृदयाचे डॉक्टर याबद्दल काय म्हणतात? त्यांना विचारल्याशिवाय पैसा द्यायचा नाही आणि चालू गोळी बंद करायची नाही.

यात अजून एक गोष्ट बाळंतपणाची. "बाळाच्या नाळेचं रक्त साठवून ठेवा, पुढं हृदयापासून सगळं दुरुस्त होईल" असं सांगून पोटुशी बायांच्या घरच्यांकडून हप्ते घेतले जातात. बाळाला पुढं स्वतःसाठी लागेल म्हणून खाजगी बँकेत नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरचं म्हणणं आहे. त्यापेक्षा बाळ जन्मल्यावर नाळ जरा थांबून कापली तर ते रक्त बाळाच्याच अंगात जातं आणि त्याच्या अंगात लोहाचा साठा वाढतो.

आज आपल्या हातात काय आहे?

मेलेली पेशी परत आणता येत नाही, हे आज आपण पाहिलं. त्याचाच अर्थ असा की जी पेशी अजून मेली नाही तिला वाचवणं हा आजचा सगळ्यात मोठा उपचार. रक्तवाहिनी बंद झाली की वीस मिनिटं ते अर्ध्या तासात पेशी मरायला लागतात, आणि पुढं कितीतरी तास एकामागून एक मरत राहतात. त्या वेळात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं किंवा अँजिओप्लास्टी झाली तर कोट्यवधी पेशी वाचतात. जितकं लवकर, तितकं जास्त हृदय शिल्लक. आपल्या जिल्ह्यातून सोलापूर किंवा लातूर गाठायला वेळ लागतो, म्हणून घरात वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही. लगेच १०८ ला फोन करा आणि जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या.

बायांनी स्वतःसाठी हे जास्त लक्षात ठेवायचं. आपल्याला दरवेळी छातीत जोराची कळ येईलच असं नाही. जबडा, मान, पाठ किंवा खांदा दुखणं, एकाएकी दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, कधी न येणारा थकवा, हीसुद्धा लक्षणं असू शकतात. आपण पित्त झालं म्हणून आल्याचा तुकडा चघळतो, सोडा पितो आणि पुन्हा खुरपायला बसतो. घरचेही म्हणतात, झोप जरा, बरं वाटेल. त्या झोपेत पेशी मरत असतात.

पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्हीचा समावेश आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटायचं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत तयार ठेवा.

अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या गोळ्या बंद करू नका. त्या वण घालवत नाहीत, पण उरलेल्या हृदयावरचा ताण कमी करतात, त्याला फुगू देत नाहीत. पायावर सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, रात्री उशी वाढवावी लागली, तर डॉक्टरांकडं जायचं. बीपी आणि साखर तपासून घ्यायची. आणि मिश्री सोडायची. "आम्ही कुठं तंबाखू खातो" म्हणणाऱ्या किती तरी जणी सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला बाधते.

मैत्रिणींनो, पुण्यातल्या काचेच्या पेटीत पट्ट्यापट्ट्यांचे मासे पोहताहेत आणि त्यांच्या हृदयाचं गुपित हळूहळू उलगडतंय. बॉम्बच्या राखेतून पेशीचं वय वाचणारी, कातडीला धडधडायला लावणारी माणसं या कामाला लागलीत. कदाचित आपल्या लेकीसुनांच्या काळात वण भरून काढणारा खरा उपचार येईल. तो येईल तेव्हा कुणाला "आजच बुकिंग करा" म्हणावं लागणार नाही. सरकारी मान्यतेचा कागद त्याच्यासोबत असेल आणि आपले डॉक्टर स्वतःहून त्याचं नाव सांगतील. तोवर गटाचा पैसा आणि घरातल्या माणसाचं हृदय, दोन्ही जपायची जबाबदारी आपली आहे.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा आणि पाच प्रश्न वहीत उतरवून घ्या. गावातलं कुणी अशा इंजेक्शनच्या वाटेवर असेल तर त्या घरी जाऊन बसा, बोला. त्यांची आशा तोडू नका, त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.